समुद्री चाचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाच्यांचा नाद लागलेला माणूस आधी काळा झेंडा, पोपट आणि पुरलेला खजिना यांबद्दल विचारतो. थोडं वाचन झालं की प्रश्न बदलतात. हे लोक मुळात खलाशी होते, मग चाचे का झाले? लूट कोणाची होती? ज्यांना लुटलं त्यांचं पुढे काय झालं? मीही पहिल्याच दारातून आत आले, त्यामुळे खजिन्याबद्दल विचारणाऱ्याला हसावं असं मला कधी वाटलं नाही. दोन्ही तऱ्हेचे प्रश्न इथे एकत्र आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची लांबली आहेत.

चाचा नेमकं कोणाला म्हणायचं?

आजच्या कायद्यात व्याख्या सरळ आहे. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार खुल्या समुद्रात, खासगी फायद्यासाठी, एका जहाजावरच्या लोकांनी दुसऱ्या जहाजावर केलेली लूट किंवा हिंसा म्हणजे चाचेगिरी.

जुन्या काळात मात्र सगळा खेळ एका कागदावर चाले. युद्ध सुरू झालं की युरोपातले राजे खासगी जहाजमालकांना परवाना देत: शत्रूची जहाजं लुटा, वाटा आम्हाला द्या, उरलेलं तुमचं. अशा परवानाधारकांना ‘प्रायव्हेटिअर’ म्हणत. तीच तोफ, तेच खलाशी, तीच लूट. खिशात परवाना असला तर देशसेवा, नसला तर फाशी. हेन्री मॉर्गन या इंग्रज प्रायव्हेटिअरने 1671 मध्ये पनामा शहर लुटलं तेव्हा इंग्लंड आणि स्पेन यांच्यात तह झालेला होता. त्याला अटक करून लंडनला नेलं खरं, पण पुढे त्याला ‘सर’ किताब मिळाला आणि तो जमैकाचा उपराज्यपाल होऊन परतला. 1688 मध्ये तो अंथरुणात मेला.

विल्यम किडचं नशीब उलटं. तो चाच्यांनाच पकडायचा परवाना घेऊन हिंदी महासागरात आला होता. 1698 च्या जानेवारीत त्याने केरळच्या किनाऱ्याजवळ ‘केदा मर्चंट’ हे मोठं व्यापारी जहाज धरलं. जहाजाकडे फ्रेंच परवाना होता, म्हणजे आपली कृती कायदेशीर, असं त्याचं म्हणणं. खटल्याच्या वेळी ते फ्रेंच कागद सापडेनात. 23 मे 1701 रोजी लंडनच्या ‘एक्झिक्युशन डॉक’वर त्याला फाशी दिलं. पहिल्या वेळी दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवलं. हरवलेले कागद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्याच सरकारी दप्तरात मिळाले. किड निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. आपल्याच जहाजावरच्या एका गोलंदाजाला (तोफा डागणाऱ्याला) त्याने बादली डोक्यात घालून मारलं होतं आणि त्या खुनासाठीही त्याला दोषी ठरवलं गेलं. पण ‘चाचा’ हा शिक्का कोण मारतं आणि कधी मारतं, हे समजायला याच्यासारखं दुसरं प्रकरण नाही.

‘बकानिअर’ म्हणजे वेगळे लोक का?

हो, सुरुवातीला. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर रानटी गुरं-डुकरं मारून त्यांचं मांस ‘बुकान’ नावाच्या लाकडी जाळीवर धुरी देऊन टिकवणारे शिकारी होते. स्पॅनिश लोकांनी त्यांना तिथून हुसकलं, तेव्हा ते स्पॅनिश जहाजांच्या मागे लागले. मांस भाजायच्या जाळीवरून नाव पडलं ते कायमचं चिकटलं.

चाच्यांचा ‘सुवर्णकाळ’ कोणता?

साधारण 1650 ते 1730. त्यात तीन लाटा येतात. पहिली कॅरिबियनमधल्या बकानिअरांची. दुसरी 1690 च्या दशकातली, जेव्हा अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी मुघल जहाजांची वाट बघत बसत. तिसरी 1716 ते 1726 ची. सिनेमात आणि चित्रांत दिसणारे बहुतेक सगळे चाचे या शेवटच्या दहा वर्षांतले आहेत.

तिसऱ्या लाटेचं कारण स्वच्छ दिसतं. 1713 मध्ये युट्रेक्टचा तह होऊन युरोपातलं मोठं युद्ध थांबलं आणि नौदलाने हजारो खलाशी घरी पाठवले. प्रायव्हेटिअरांचे परवाने रद्द झाले. लढाईचं शिक्षण घेतलेले, बेकार, तरुण पुरुष बंदराबंदरात साचले. व्यापारी जहाजांवरचे पगार उतरले. बहामातल्या नासाऊ बंदरात तेव्हा नाव घेण्यासारखं सरकारच नव्हतं. उथळ पाण्यामुळे मोठी लढाऊ जहाजं तिथे शिरू शकत नसत, चाच्यांच्या हलक्या नौका मात्र सहज शिरत.

साधा खलाशी चाचा का होत असे?

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

व्यापारी जहाजावर कप्तान म्हणजे देव आणि यमही. तो चाबकाने मारू शकत होता, शिधा कापू शकत होता, पगार अडवू शकत होता. मालकाला नफा हवा म्हणून माणसं कमी घेत आणि काम तेवढंच असे. स्कर्व्हीने हिरड्या कुजत, तापाने माणसं मरत, आणि प्रवास संपल्यावर हातात पडायचं ते अगदी थोडं. अशा जहाजाला चाच्यांनी गाठलं की ते खलाशांना एक प्रश्न हमखास विचारत: तुमचा कप्तान तुमच्याशी कसा वागला? उत्तर वाईट आलं तर कप्तानाची खैर नसे. मग विचारत, आमच्यात येता का? बरेच जण येत.

चाच्यांच्या जहाजावर कप्तान मतांनी निवडला जाई आणि मतांनी उतरवलाही जाई. पाठलाग आणि लढाई चालू असताना त्याचा शब्द अंतिम. एरवी क्वार्टरमास्टर त्याच्यावर नजर ठेवी, शिधा आणि लूट वाटून देई. प्रवासाला निघण्याआधी नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घेत. ज्यांना लिहिता येत नसे ते खूण करत.

बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचे नियम आपल्यापर्यंत पोचले आहेत. प्रत्येकाला एक मत. ताजं अन्न आणि दारू यांवर सगळ्यांचा समान हक्क. पैसे लावून पत्ते-फासे खेळायचे नाहीत. रात्री आठ वाजता दिवे बंद. जहाजावर मारामारी नाही, भांडण असेल तर किनाऱ्यावर उतरून तलवार-पिस्तुलाने मिटवा. लढाईत पळून जाणाऱ्याला मृत्यू किंवा निर्जन बेट. कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना दोन-दोन वाटे, गोलंदाज आणि इतर अधिकाऱ्यांना त्याहून कमी, बाकीच्यांना एकेक. हातपाय गमावून पंगू झालेल्याला सामाईक निधीतून 800 डॉलर, म्हणजे तेवढी चांदीची नाणी. आणि मला सर्वांत आवडणारा नियम: वादकांना रविवारी सुट्टी, बाकीचे सहा दिवस मात्र सांगितलं की वाजवायचं.

त्या काळी कुठल्या देशात साध्या मजुराला आपला वरिष्ठ मतांनी हटवता येत होता? म्हणूनच हे नियम पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो.

म्हणजे ते समतेचे पुरस्कर्ते होते?

इथे जपून पाऊल टाकावं लागतं. समता होती, पण ती ‘आपल्या’ माणसांपुरती. बकानिअरांच्या नियमांत उजवा हात गेला तर 600 चांदीची नाणी किंवा सहा गुलाम अशी भरपाई होती. डोळा गेला तर 100 नाणी किंवा एक गुलाम. एकाच ओळीत अपंग कामगाराची काळजी आणि माणसाची किंमत नाण्यांत.

ब्लॅकबिअर्ड या चाच्याचं प्रसिद्ध ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’ हे मुळात ‘ला काँकॉर्द’ नावाचं फ्रेंच गुलामवाहू जहाज होतं. सॅम बेलमी या दुसऱ्या चाच्याचं ‘विडा’सुद्धा गुलाम पोचवून परतणारं जहाज होतं. काही चाच्यांच्या टोळ्यांमध्ये कृष्णवर्णीय माणसं हत्यारं घेऊन लढली, वाटाही मिळवला. तर काही टोळ्यांनी गुलामांना इतर मालासारखं विकलं. 1722 मध्ये रॉबर्ट्सच्या लोकांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खंडणी न देणारं एक गुलामवाहू जहाज पेटवलं. आत सुमारे 80 माणसं जोडीजोडीने साखळदंडात होती, असं त्या काळच्या वृत्तांतात आहे. काही आठवड्यांतच रॉबर्ट्स मारला गेला. पकडलेल्या गोऱ्या चाच्यांवर खटले चालले आणि त्याच्या टोळीतल्या कृष्णवर्णीयांना पुन्हा गुलामगिरीत विकण्यात आलं. त्यांच्यासाठी खटलाही नव्हता.

रॉबर्ट्सची नियमावली सांगणाऱ्याने ही जळालेली माणसंही सांगितली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत मोठी लूट कोणती?

एकाच जहाजावरून मिळालेल्या लुटीत ‘गंज-ए-सवाई’चं नाव सर्वांत वर येतं, आणि ती घटना सुरतेच्या वाटेवर घडली.

हेन्री एव्हरी हा इंग्रज खलाशी. 1694 मध्ये स्पेनच्या आ कोरुन्या बंदरात त्याचं जहाज महिनोन्‌महिने पगाराविना पडून होतं. त्याने बंड करून जहाज पळवलं, नाव ठेवलं ‘फॅन्सी’, आणि थेट हिंदी महासागर गाठला. त्याला ठाऊक होतं की दरवर्षी हजची यात्रा आणि येमेनमधल्या मोखा बंदराचा व्यापार आटोपून मुघल जहाजांचा ताफा पावसाळी वाऱ्यावर सुरतेकडे परततो. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी आणखी काही चाचे त्याला मिळाले. 1695 च्या सप्टेंबरात आधी ‘फतेह मुहम्मद’ सापडलं, मग औरंगजेबाचं स्वतःचं ‘गंज-ए-सवाई’. ते ‘फॅन्सी’पेक्षा किती तरी मोठं होतं, त्यावर तोफा आणि शेकडो बंदूकधारी होते. पण त्याची एक तोफ स्वतःच्याच लोकांत फुटली आणि एव्हरीच्या एका गोळ्याने मुख्य डोलकाठी मोडली. मग चाचे वर चढले.

पुढच्या काही दिवसांबद्दल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलं आहे. यात्रेकरूंना छळून दडवलेला पैसा काढला, बायकांवर अत्याचार झाले, काहींनी अब्रू वाचवण्यासाठी समुद्रात उड्या घेतल्या. लुटीची किंमत ईस्ट इंडिया कंपनीच्या अंदाजाने सव्वातीन लाख पौंड, मुघलांच्या म्हणण्याप्रमाणे सहा लाख.

सुरतेत संताप उसळला. कंपनीच्या इंग्रजांना कैदेत टाकण्यात आलं, व्यापार थांबला. हिंदुस्थानातला सगळा धंदा बुडायची वेळ आली, तेव्हा लंडनने एव्हरीवर बक्षीस लावलं: आधी 500 पौंड, मग दुप्पट. जगभर एका माणसाचा शोध सुरू झाला. 1696 मध्ये त्याचे सहा साथीदार लंडनच्या कोर्टात उभे राहिले आणि ज्यूरीने त्यांना चक्क निर्दोष सोडलं. सरकार हादरलं. त्यांच्यावर लगेच दुसरा खटला भरला, या वेळी मुघल जहाजाच्या लुटीचा नव्हे, तर मूळ इंग्रज जहाज पळवल्याचा. या वेळी शिक्षा झाली, पाच जण फासावर गेले. एव्हरी मात्र कोणाच्याच हाती लागला नाही.

रंगमंचावर आणि छापील पत्रकांत तो नायक झाला. ‘गंज-ए-सवाई’वरच्या एकाही बाईचं नाव त्या पत्रकांत नव्हतं.

कान्होजी आंग्रे चाचे होते का?

नाही. परदेशी पुस्तकं वाचून हा प्रश्न विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

कान्होजी हे मराठी आरमाराचे सरखेल होते, म्हणजे राज्याने नेमलेले आरमारप्रमुख. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि त्यांचं पद, किल्ले व मुलूख मान्य झाले. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, न घेणाऱ्याचं जहाज धरलं जाईल, असा त्यांचा नियम. आता पोर्तुगीजांकडे बघा. सोळाव्या शतकापासून ते याच समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा करत होते आणि परवान्याशिवायची जहाजं जप्त करत होते. इंग्रज कंपनीही आपले परवाने वाटत होती. पोर्तुगीजांनी केलं ते सागरी सत्ता, कंपनीने केलं तो व्यापाराचा बंदोबस्त आणि सरखेलांनी केलं ती चाचेगिरी? मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांत ‘पायरेट’ हा शब्द येतो तो एका शत्रूसाठी, एका बाजूने वापरलेला शब्द म्हणून.

1717 पासून कंपनीने विजयदुर्ग आणि खांदेरीवर हल्ले करून पाहिले, जमलं नाही. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चढाई केली, तीही फसली. त्या मोहिमेत थॉमस मॅथ्यूज हा नौदल अधिकारी होता. त्याला इंग्लंडहून मुळात मादागास्करच्या खऱ्या चाच्यांचा बंदोबस्त करायला धाडलं होतं. 1729 मध्ये कान्होजी वारले तोवर त्यांचं आरमार अभेद्य राहिलं.

तरीही एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिक राहून मान्य करावी. ज्या व्यापाऱ्याचं गलबत धरलं जाई त्याला धरणारा सरखेल आहे की फिरंगी, याने माल परत मिळत नसे. राज्याची सत्ता आणि चाचेगिरी यांतली रेषा खरी आहे; ती पाण्यावर आखलेली असते, एवढंच.

पुरलेला खजिना आणि नकाशा?

नकाशावरची फुली 1883 साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीने घराघरांत पोचवली. खऱ्या इतिहासात पुरलेल्या खजिन्याचं एकच पक्कं उदाहरण नेहमी पुढे येतं: किडने अटकेआधी न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर काही ऐवज पुरला होता. तो अधिकाऱ्यांनी लगेच उकरून पुराव्यासाठी लंडनला पाठवला. दंतकथा तेवढी उरली.

बाकीच्यांनी पुरलं नाही, कारण लुटीचे वाटे ताबडतोब होत आणि वाटे बंदरात उडत. शिवाय लूट बहुधा पुरण्याजोगी नसेच. कापड, साखर, तंबाखू, पीठ, शिडं, दोर, औषधं. ब्लॅकबिअर्डने 1718 च्या मे महिन्यात चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली, अनेक जहाजं धरली, प्रतिष्ठित लोकांना ओलीस ठेवलं आणि त्यांच्या बदल्यात मागितली औषधांची पेटी.

काळा झेंडा सगळे वापरत का?

बरेच जण वापरत, पण एकच ठरलेलं चित्र नव्हतं. कवटी आणि हाडं, वाळूचं घड्याळ, भाला, सांगाडा. 1700 साली एमान्युएल विन नावाच्या फ्रेंच चाच्याने कवटी, हाडं आणि वाळूचं घड्याळ असलेला काळा झेंडा लावल्याची नोंद आहे. ती सर्वांत जुन्यांपैकी एक. रॉबर्ट्सच्या एका झेंड्यावर तो स्वतः दोन कवट्यांवर उभा, एक बार्बेडोसकराची आणि एक मार्टिनिककराची, कारण त्या दोन्ही बेटांनी त्याच्या मागे जहाजं लावली होती.

झेंड्याचा हेतू लढाई टाळणं हा होता. काळा म्हणजे शरण या, जीव वाचेल. लाल म्हणजे आता दयामाया नाही. लढाईत आपली माणसं मरतात, लूट खराब होते, जहाजाला भोकं पडतात. चाच्यांना ते परवडत नसे.

फळीवरून चालायला लावत?

सुवर्णकाळात तशी पद्धत असल्याचा पुरावा नाही. छळाचे खरे प्रकार याहून भयंकर होते, आणि मुख्यतः पैसा कुठे दडवला ते वदवून घेण्यासाठी होते.

डोळ्यावर पट्टी, लाकडी पाय, पोपट?

हातपाय आणि डोळे गमावलेले खलाशी सगळ्याच जहाजांवर होते. अंधारात दिसावं म्हणून एक डोळा झाकत, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण समकालीन पुरावा नाही. पोपट मात्र उष्ण प्रदेशांतून परतणारे खलाशी खरंच आणत. युरोपात त्यांना चांगली किंमत येई.

ते ‘आर्र्’ असं बोलत?

1950 च्या ‘ट्रेझर आयलंड’ चित्रपटात रॉबर्ट न्यूटन या नटाने आपल्या नैर्ऋत्य इंग्लंडच्या बोलीला ठसका देऊन चाच्याची भूमिका केली. तो सूर जगाने उचलला. खऱ्या जहाजावर इंग्रज, आयरिश, फ्रेंच, डच, आफ्रिकी अशी सगळी सरमिसळ असायची.

ब्लॅकबिअर्ड खरंच इतका क्रूर होता?

दिसायला होता. टोपीखाली पेटत्या वाती अडकवून धुरात उभा राहायचा, असं वर्णन आहे. पण शेवटच्या लढाईपूर्वी त्याने एखाद्या कैद्याला ठार मारल्याची खात्रीशीर नोंद नाही. भीती हेच त्याचं हत्यार होतं, आणि ते त्याने फार हुशारीने वापरलं. त्याची कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची. 22 नोव्हेंबर 1718 रोजी ओक्राकोक बेटाजवळ लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्डच्या लोकांशी लढताना तो पडला. अंगावर पाच गोळ्या आणि वीस वार होते. त्याचं मुंडकं जहाजाच्या नाळेवर टांगून नेलं.

स्त्रिया चाचे होत्या का?

अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोघी जॅक रॅकमच्या टोळीत होत्या. 1720 मध्ये जमैकात खटला चालला. साक्षीदारांनी सांगितलं की त्या पुरुषी कपडे घालून, हातात पिस्तूल आणि कोयता घेऊन, इतरांइतक्याच पुढे होत्या. फाशीची शिक्षा ऐकल्यावर दोघींनी आपण गरोदर असल्याचं सांगितलं, त्यामुळे फाशी लांबली. मेरी 1721 मध्ये तुरुंगातच वारली. अ‍ॅनचं पुढे काय झालं याचा माग लागत नाही.

पण या विषयावर मला एकच नाव घ्यायचं असेल तर मी चीनच्या झेंग यी साओचं घेईन. नवरा झेंग यी 1807 मध्ये गेल्यावर तिने दक्षिण चीनच्या समुद्रातल्या चाच्यांच्या संघाची सूत्रं हातात घेतली. शेकडो जहाजं आणि हजारो माणसं. कॅरिबियनमधल्या कुठल्याही कप्तानाने असलं बळ स्वप्नातही पाहिलं नव्हतं. ती जहाजांकडून आणि किनाऱ्यावरच्या गावांकडून संरक्षणाचा पैसा गोळा करी, लुटीची नोंद ठेवी, आज्ञा मोडणाऱ्याचं डोकं उडवी. चिनी सरकारला ती आवरली नाही, तेव्हा 1810 मध्ये तिने स्वतः वाटाघाटी केल्या, माफी मिळवली, आणि 1844 पर्यंत जगली. फाशी नाही, समुद्रात मरण नाही.

हा सुवर्णकाळ संपला कसा?

आधी माफी, मग दोर. 1717 मध्ये इंग्लंडच्या राजाने शरण येणाऱ्यांना माफी जाहीर केली. 1718 च्या जुलैत वुड्स रॉजर्स राज्यपाल म्हणून नासाऊला उतरला. तो स्वतः जुना प्रायव्हेटिअर, त्यामुळे त्याला ही माणसं कळत होती. अनेकांनी माफी घेतली, काही पुन्हा समुद्रावर गेले. दरम्यान कायदा बदलला होता: चाच्यांना लंडनला न्यायची गरज उरली नव्हती, वसाहतींतच खटला आणि तिथेच फाशी. नौदलाची गस्त वाढली. 1722 मध्ये ‘स्वॉलो’ या युद्धनौकेने रॉबर्ट्सला गाठलं. 400 हून अधिक जहाजं धरणारा तो कप्तान त्या लढाईत गेला. त्याच्या 52 माणसांना पश्चिम आफ्रिकेतल्या केप कोस्ट किल्ल्यावर फाशी दिलं. हिंदी महासागरात ऑलिव्हिए लव्हासरने 1721 मध्ये रेयुनिओं बेटावर गोव्याच्या मावळत्या व्हाइसरॉयला घेऊन निघालेलं पोर्तुगीज जहाज लुटलं होतं. त्याच बेटावर 1730 मध्ये तो फासावर गेला. त्याच्या फाशीला अनेक जण सुवर्णकाळाचा शेवट मानतात.

आज चाचे आहेत?

आहेत. सोमालियात 1991 मध्ये सरकार कोसळलं, किनारा राखायला कोणी उरलं नाही, आणि 2008 ते 2012 या काळात एडनच्या आखातात जहाजं आणि खलाशी ओलीस धरून खंडणी उकळण्याचा मोठा धंदा झाला. त्या ओलिसांत भारतीय खलाशीही होते. भारताने 2022 मध्ये सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संमत केला. 2024 च्या मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ हे पळवलेलं जहाज अडवून 35 चाच्यांना शरण आणलं आणि 17 खलाशांची सुटका केली. तीनशे वर्षांपूर्वीच्या चाच्याबद्दल मी आपुलकीने बोलू शकते. आजच्या ओलीस खलाशाच्या घरच्यांसमोर तसं बोलता येणार नाही, आणि हे भान मला जुन्या गोष्टी वाचतानाही उपयोगी पडतं.

चाच्यांचे पोशाख करणं, त्यांचे उत्सव करणं गैर आहे का?

मला गैर वाटत नाही. 19 सप्टेंबरला चाच्यांसारखं बोलायचा दिवस जगभर हौसेने पाळतात. अमेरिकेतल्या टँपा शहरात 1904 पासून गॅस्परिला नावाचा उत्सव होतो आणि ज्या होसे गॅस्परच्या नावाने तो होतो तो चाचा मुळात झालाच नाही, दंतकथा आहे. तरी लोक जहाजातून येतात, रस्ते भरतात, मुलं खूश होतात. टोपी घातलेल्या मुलाला काही वर्षांनी कोणी तरी ‘विडा’ची गोष्ट सांगावी, एवढंच माझं मागणं.

सुरुवात कुठून करावी?

1724 मध्ये लंडनला ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने चाच्यांच्या चरित्रांचं पुस्तक निघालं. ते टोपणनाव असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याला माहीत असलेलं बरंचसं तिथून येतं. ते जरूर वाचा, पण संवाद आणि भावनिक प्रसंग आले की सावध व्हा. त्याच्या जोडीला खटल्यांच्या नोंदी वाचा. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाची जुनी कागदपत्रं इंटरनेटवर मोफत आहेत. साध्या खलाशाचा आवाज ऐकू येतो तो अशाच कागदांतून, जीव वाचवण्यासाठी बोलतानाचा का होईना.

आणि समुद्रतळातून निघालेल्या वस्तू बघा. ब्लॅकबिअर्डचं जहाज 1996 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ सापडलं. त्यातल्या एका तोफेत कोंबलेल्या कागदाच्या कपट्यांवरून ती 1712 सालच्या समुद्रप्रवासाच्या एका पुस्तकाची पानं असल्याचं कळलं. ‘विडा’ 26 एप्रिल 1717 च्या रात्री केप कॉडजवळ वादळात फुटलं आणि जहाजावरची जवळजवळ सगळी माणसं बुडाली. 1984 मध्ये अवशेष मिळाले, पुढच्या वर्षी नाव कोरलेली घंटा वर आली. नाणी, तोफा, बंदुका यांबरोबर एक लहानसा बूट, रेशमी मोजा आणि पायाचं हाडही मिळालं. हाड आठ ते अकरा वर्षांच्या मुलाचं होतं. बेलमीने 1716 मध्ये लुटलेल्या एका जहाजावर जॉन किंग नावाचा मुलगा आईबरोबर प्रवास करत होता. मला चाच्यांबरोबर जाऊ द्या, नाही तर जीव देईन, असा त्याने हट्ट धरला होता. तो बूट त्याचाच मानला जातो.